गॅजिया क्लासिक घरी सुधारायचं तर आधी प्रेशर, मग टेंपरेचर

घरी एस्प्रेसो मशीन आणलं की पहिले काही दिवस सगळंच छान लागतं, मग हळूहळू लक्षात यायला लागतं की काल जी कॉफी मस्त झाली होती तीच आज त्याच बीन्स, तेवढंच वजन, तेच ग्राइंड ठेवून आंबट येतेय आणि परवा तर कडूजहर आली होती. माझं जवळपास दीड वर्ष असंच गेलं. मी बीन्स बदलत राहिलो, टॅम्पर (पावडर दाबून बसवायचा ठोकळा) बदलला, यूट्यूबवर जे दिसेल ते करून बघितलं, आणि दोष मात्र मशीनच्या आत होता, म्हणजे खरं तर दोष पण नाही, कारखान्यातून ते ज्या सेटिंगवर येतं ते आपल्या कामाचं नाही एवढंच.

माझ्याकडे गॅजिया क्लासिक प्रो आहे आणि खालचं सगळं त्यालाच धरून लिहितोय. हे मॉडेल मूळ १९९१ पासून चालत आलंय आणि आत उघडून बघितलं तर एक पंप, एक छोटासा अ‍ॅल्युमिनियमचा बॉयलर, दोन थर्मोस्टॅट, एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणारा) आणि समोर तीन स्विच, बाकी काही नाही. सगळं स्क्रूवर आहे, चिकटवलेलं काही नाही, पार्ट मिळतात, आणि पोर्टाफिल्टर, म्हणजे पावडरची बास्केट ज्यात बसते तो दांडा, कॅफेतल्या मोठ्या मशीनच्या मापाचा म्हणजे ५८ मिमीचा आहे, त्यामुळे बास्केट, टॅम्पर काहीही बाहेरचं बसतं. म्हणूनच जगभर लोक हेच मशीन घेऊन त्यात बदल करत बसतात.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण ती पाळली नाही तर बाकी सगळं वाया. एका वेळी एकच बदल करायचा. एक बदल केला की त्याच बीन्सवर निदान आठ-दहा शॉट (एकेक वेळची एस्प्रेसो) काढायचे, वहीत लिहायचं, किती ग्रॅम टाकले, किती ग्रॅम कपात आलं, किती सेकंद लागले, चव कशी. मग पुढचा. एका रविवारी सगळंच बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही, आणि काही बिघडलं तर मागे कुठे जायचं तेही कळत नाही.

मशीन उघडायच्या आधी

पैसे कमी असतील तर ते ग्राइंडरमध्ये घाला, मशीन उघडू नका. हे मी अगदी मनापासून सांगतोय. एस्प्रेसोला ग्राइंड इतकं बारीक फरकाने बदलावं लागतं की साध्या पोअर-ओव्हरच्या (वरून पाणी ओतून गाळायच्या कॉफीच्या) हँड ग्राइंडरमध्ये एका क्लिकला शॉट १५ सेकंदात पळतो आणि पुढच्या क्लिकला अडकून बसतो, मधली जागाच नसते. एस्प्रेसोसाठी बनवलेला, बारीक क्लिकवाला हँड ग्राइंडर चालेल, इलेक्ट्रिकच पाहिजे असं काही नाही.

दुसरं, मशीनबरोबर येणारी प्रेशराइज्ड बास्केट, म्हणजे जिला आतून भरपूर भोकं आणि खालून एकच बारीक भोक असतं ती, बाजूला ठेवून द्या. ती त्या एका भोकातून कॉफी जोराने ढकलून फेस तयार करते, त्यामुळे ग्राइंड चुकीचं असलं तरी वर क्रीमा दिसतो आणि आपल्याला वाटतं जमलं. साधी एका थराची बास्केट वापरा, जमलं तर पुढे १८ ग्रॅमची प्रिसिजन बास्केट घ्या. आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम कपात, २५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात करायची. बीन्स ताजे भाजलेले हवेत, पाकिटावर रोस्टची तारीख बघून घ्या, आणि चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पावडर यात चालत नाही, ती कॉफी वाईट असते म्हणून नव्हे, तिचं ग्राइंड आणि चिकोरी दोन्ही वेगळ्या भांड्यासाठी आहेत.

बिनबुडाचा पोर्टाफिल्टर, ज्याला सगळे बॉटमलेस म्हणतात, तो मी याच टप्प्यावर घ्यायला सांगेन. त्याने कॉफी चांगली होत नाही, पण चूक दिसते. पाणी एका बाजूने वाट काढत असेल तर बारीक फवारा सरळ शर्टावर येतो, मधे पांढरट पट्टा दिसतो. ०.४ मिमीच्या सुयांनी पावडर ढवळून घ्यायची, गुठळ्या मोडायच्या, मग टॅम्प. कॉर्कच्या बुचात चार-पाच अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया खोचल्या की झालं काम.

नऊ बारची स्प्रिंग

आता मुख्य गोष्ट. खोक्यावर १५ बार लिहिलेलं असतं आणि ते वाचून आपण खूश होतो. ते १५ म्हणजे आतला व्हायब्रेशन पंप जास्तीत जास्त किती ढकलू शकतो तो आकडा आहे, कॉफीवर तेवढं प्रेशर पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. इटलीत पारंपरिक एस्प्रेसोचं जे माप धरतात त्यात प्रेशर ९ बार, एखादा बार इकडेतिकडे. क्लासिक प्रोमध्ये मात्र कारखान्याचं सेटिंग ९ च्या बरंच वर असतं, कारण प्रेशराइज्ड बास्केट आणि तयार पॉड यांना ते लागतं. साध्या बास्केटमध्ये तेवढं प्रेशर आलं की पाणी पावडरचा थर दाबून टाकतं आणि जिथे जरा कमजोर जागा असेल तिथून फोडून निघतं. मग अर्धी कॉफी जास्त धुतली जाते, अर्धी कोरडी राहते, आणि एकाच कपात आंबट पण लागतं कडू पण लागतं.

यावर उपाय म्हणजे मशीनमधल्या ओपीव्हीची स्प्रिंग बदलायची. ओपीव्ही म्हणजे जादा झालेलं प्रेशर टाकीत परत सोडून देणारा व्हॉल्व्ह. त्यात एक स्प्रिंग असते, ती जेवढी कडक तेवढं प्रेशर जास्त. ९ बारची स्प्रिंग सुटी मिळते आणि सगळ्या बदलांमध्ये हा सगळ्यात स्वस्त. २०१५ च्या आधीचं जुनं क्लासिक असेल तर स्प्रिंग बदलायची पण गरज नाही, अ‍ॅलन कीने स्क्रू डावीकडे फिरवला की प्रेशर उतरतं, पाव-पाव फेरा फिरवायचा आणि मोजायचं. आणि २०२३ पासूनचं इव्हो प्रो असेल तर बहुतेक आधीच ९ वर असतं, म्हणून काही खरेदी करायच्या आधी मोजा.

मोजायला गेज लावलेला पोर्टाफिल्टर मिळतो. लावायचा, पंप चालू करायचा, काटा स्थिर झाला की वाचायचं, दहा सेकंदात काम होतं. यात पाणी बाहेर जात नसल्यामुळे गेज जरा जास्त दाखवतं, गेजवर १० दिसत असेल तर खऱ्या शॉटला साधारण ९ पडतात.

आता उघडायचं कसं. मशीन पूर्ण थंड पाहिजे, प्लग भिंतीतून काढलेला पाहिजे. नुसता स्विच बंद करून चालणार नाही, आपल्याकडे कितीतरी घरांत सॉकेटला फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात आणि मग स्विच बंद करूनही आत फेज जिवंत राहतो. वरचं झाकण मागचे दोन स्क्रू काढले की उचलता येतं, पण त्याला अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर असेल तर ती ओढू नका, अलगद काढा आणि नंतर आठवणीने परत लावा. हात घालायच्या आधी फोनवर चार-पाच फोटो काढा, वेगवेगळ्या बाजूंनी.

ओपीव्ही ओळखायला सोपा, टाकीत परत जाणारी सिलिकॉनची नळी ज्या पितळी तुकड्यातून निघते तोच तो. नळी काढा, मग वरचा भाग पान्याने सोडवा. आणि इथे माझ्याकडून जे झालं ते नीट वाचा. मी एकाच पान्याने वरचा भाग फिरवला, तो घट्ट होता, जोर लावला, तो सुटला पण त्याच्याबरोबर खालचा जोड पण अर्धा फेरा फिरला आणि मला ते कळलंच नाही. स्प्रिंग बदलली, सगळं बंद केलं, मशीन चालू केलं, आणि दहा मिनिटांनी आतून चर्रर्र असा आवाज यायला लागला. गरम बॉयलरवर थेंब-थेंब पाणी पडत होतं, आणि त्याच्या अगदी जवळ २३० व्होल्टची कनेक्शन होती. लगेच प्लग काढला. परत उघडून तो जोड सोडवून, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवायला अख्खी दुपार गेली. म्हणून दोन पाने वापरा, एकाने खालचा भाग धरून ठेवायचा, दुसऱ्याने वरचा फिरवायचा.

आत स्प्रिंग आणि एक छोटा सील असतो, ते कुठल्या क्रमाने आणि कुठल्या तोंडाने बसलेत त्याचा फोटो. ओटा पुसून त्यावर पांढरा पंचा अंथरून काम करा, स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली तर शोधत बसाल. नवी स्प्रिंग घालायची, सीलला जरासं फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावायचं, बंद करायचं, नळी परत चढवायची. झाकण न लावता एकदा पाणी फिरवून बघा, ओल कुठे दिसते का ते टॉर्चने बघा. या वेळी हात आत घालायचा नाही, फक्त बघायचं.

पहिला शॉट त्याच ग्राइंडवर काढला तेव्हा फरक डोळ्यांनी दिसला. आधी धार दहाव्या-बाराव्या सेकंदाला फिकी पडून इकडेतिकडे उडायची, आता बास्केटखाली आधी गडद ठिपके जमले, मग ते एकत्र येऊन मधोमध काकवीसारखी एकच जाड धार लागली आणि ती शेवटपर्यंत तुटली नाही. ग्राइंड बहुतेक जरा बदलावं लागेल, ते लगेच पटापट बदलत बसू नका, दोन-तीन शॉट बघून मग ठरवा.

टेंपरेचर, आधी फुकटात

प्रेशर जागेवर आलं की मग उरलेली रोजची वेगवेगळी चव ही टेंपरेचरची असते. क्लासिकमध्ये कॉफीचा थर्मोस्टॅट साधारण १०७ डिग्रीचा आणि वाफेचा १४५ चा. हा जो थर्मोस्टॅट आहे तो इस्त्रीतल्यासारखा, गरम झालं की तोडतो, बरंच थंड झालं की जोडतो, आणि बॉयलर छोटा असल्यामुळे मधल्या वेळात पाणी बऱ्याच डिग्रींनी वरखाली होतं. तुम्ही त्या चढउतारात नेमकं कुठे बटण दाबता त्यावर चव ठरते.

काही विकत न घेता यावर करता येतं ते असं. मशीन पोर्टाफिल्टर अडकवूनच पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. मग रिकाम्या कपात पाणी सोडत राहा, रेडीचा दिवा विझला म्हणजे हीटर चालू झाला, थांबा. दिवा परत लागला की पटकन बास्केट लावून दर वेळी तेवढ्याच सेकंदांनी शॉट काढा, समजा वीस. आकडा कुठलाही चालेल, रोज तोच पाहिजे. आंबट येत असेल तर लवकर काढा, कडू येत असेल तर जरा उशिरा. नुसत्या एवढ्याने माझी अर्धी तक्रार गेली होती, आणि ज्यांना वायरिंगला हात लावायचा नाही त्यांनी इथेच थांबलं तरी कॉफी उत्तम होते.

पीआयडी

पीआयडी म्हणजे टेंपरेचर सतत बघत हीटरला थोडी-थोडी करंट सोडणारा कंट्रोलर, तो तोडजोड न करता एका डिग्रीच्या आसपास धरून ठेवतो. लागतं काय, तर कंट्रोलर, एक एसएसआर म्हणजे सॉलिड स्टेट रिले (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि एम४ आटे असलेला सेन्सर जो कॉफीच्या थर्मोस्टॅटच्या जागी बॉयलरमध्ये बसतो. तयार किट मिळतं, त्यात वायरी कापून, टोकं लावून येतात, महाग पडतं पण पहिल्यांदा करत असाल तर तेच घ्या. सुटे पार्ट पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला फिरून जमवता येतात, मी तसंच केलं.

सुटं घेताना एक बघा. स्वस्तातले जे छोटे चौकोनी कंट्रोलर मिळतात त्यांच्यात दोन प्रकार असतात, एसएसआरला डीसी व्होल्टेज देणारा आणि आत स्वतःचाच रिले असलेला, बाहेरून दोन्ही सारखेच. मॉडेल नंबरच्या शेवटी व्ही असेल तर एसएसआरवाला, एम असेल तर रिलेवाला. मला दुकानातून स्टिकर व्हीचं आणि आत रिले असा मिळाला होता, दोन संध्याकाळी डोकं फोडल्यावर कळलं. घरी आणल्या आणल्या टेबलावरच चालवून आउटपुटला मल्टिमीटर लावा, डीसी व्होल्टेज दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर परत द्या, मशीनला लावू नका.

जोडणी तशी सरळ आहे, कॉफीच्या थर्मोस्टॅटवरून ज्या दोन वायरी निघतात त्या एसएसआरच्या एसी बाजूला, कंट्रोलरचं आउटपुट एसएसआरच्या डीसी बाजूला (प्लस-मायनस बघून), आणि कंट्रोलरला सप्लाय मेन स्विचच्या पुढून, म्हणजे मशीन बंद केलं की तोही बंद. वाफेचा थर्मोस्टॅट आहे तसाच राहू द्या. वाफेचं बटण दाबल्यावर डिस्प्लेवर आकडा १४० च्या आसपास चढलेला दिसेल, ते बरोबर आहे.

माझा आतेभाऊ भोसरीला कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो, हे काम मी त्याला बाजूला बसवून केलं. मी सोल्डर करायला घेतल्यावर तो म्हणाला, "अरे सोल्डर नको तिथे, बॉयलरच्या गरमीने ते कधी ना कधी सुटणार, थिंबल मार आणि क्रिंप करून ओढून बघ." थिंबल म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण. आणि खरंच प्रत्येक वायर त्याने हाताने ओढून बघितली, एक सुटली पण. वायर पण साधी पीव्हीसीची नको, सिलिकॉन नाहीतर फायबरग्लास स्लीव्हची घ्या.

एसएसआर तापतो. हीटर १४०० वॉटच्या आसपासचा म्हणजे २३० व्होल्टला ६ अँपिअर, आणि एसएसआरवर सव्वा-दीड व्होल्ट पडतात, म्हणजे आठ-नऊ वॉट नुसती उष्णता. त्याला मशीनच्या पत्र्यावर, बॉयलरपासून लांब, थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवा, हवेत लोंबकळत सोडू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॉयलरला चिकटून जो थर्मल फ्यूज असतो तो कुठल्याही कारणाने काढायचा किंवा बायपास करायचा नाही. एसएसआर खराब झाला की बहुतेक वेळा चालूच्या बाजूला अडकतो, मग हीटर थांबत नाही, आणि त्या वेळी तुमच्या घराला वाचवणारा तो एकच पार्ट आहे. मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटला, अर्थिंग तपासून, घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. वायरिंगचा अजिबात अनुभव नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, आकृती दाखवली की त्याला तासाभराचं काम आहे.

सेन्सर बसवताना अ‍ॅल्युमिनियमचे आटे फार नाजूक असतात, हातानेच फिरवायचा, शेवटी फक्त जरासा पाना. कंट्रोलरमध्ये सेन्सरचा प्रकार बरोबर निवडा, के टाईप आणि पीटी १०० ची गल्लत झाली तर आकडे भलतेच येतात. बॉयलर पाण्याने भरून ऑटोट्यून चालवा, म्हणजे कंट्रोलर आपली सेटिंग आपणच ठरवतो.

सेन्सर बॉयलरच्या अंगाला आहे आणि कॉफी खाली ग्रुपमध्ये (पोर्टाफिल्टर अडकवतो तिथे) आहे, म्हणून डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे कॉफीवर पडणाऱ्या पाण्याचा आकडा नव्हे, तो बऱ्याच डिग्री वर ठेवावा लागतो. मी १०३ वर ठेवतो, हलक्या रोस्टला १०५, चिकमगळूरचं मध्यम-गडद काही असेल तर १०१. तुमचा आकडा तुमच्या जिभेने ठरवा. आपल्याकडे पीआयडीचा आणखी एक फायदा होतो, तो व्होल्टेज पडल्यावर दिसतो. संध्याकाळी लाइन २०० वर आली की तोच हीटर १४०० ऐवजी साडेदहाशे वॉटच्या आसपास काम करतो, तापायला वेळ लागतो, पण कंट्रोलर ते बघून जास्त वेळ चालू ठेवतो आणि शॉट तिथेच येतो.

बाकीचे छोटे बदल

ग्रुपमधलं गास्केट (पोर्टाफिल्टर घट्ट बसवणारी रिंग) सिलिकॉनचं लावा, रबराचं दोन वर्षांत दगड होतं. चांगली शॉवर स्क्रीन (पावडरवर पाणी सोडणारी जाळी) लावली की पाणी सगळीकडे सारखं पडतं, स्वस्त आहे, करून टाका. जुन्या क्लासिकची वाफेची नळी प्लास्टिकच्या टोपणाची असते, त्यावर लोक रँचिलिओ सिल्व्हियाची नळी बसवतात आणि दुधात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, प्रोमध्ये नळी आधीच ठीक आहे. पंपाला डिमर लावून सुरुवातीला पाणी हळू सोडणं, किंवा गॅजियुइनोसारखा प्रकल्प ज्यात प्रेशर सेन्सर आणि स्क्रीन लावून सगळं प्रोग्रॅम करता येतं, हे पुढचं शिक्षण आहे. मी ते अजून केलेलं नाही, आणि वर्षभर ९ बार आणि स्थिर टेंपरेचरवर कॉफी प्यायल्याशिवाय कुणी त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतून कुणी नातेवाईक मशीन आणतो म्हणाला तर नको म्हणा. तिकडचं १२० व्होल्टचं असतं, इथे थेट लावलं तर गेलं, आणि भलामोठा ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झचा पंप ५० वर मिनिटाला कमी ठोके मारतो.

पाण्याचं मात्र सगळ्यांनी बघा, बदल करा नाहीतर नका करू. पुण्यात महापालिकेचं धरणाचं पाणी तसं सौम्य आहे, पण ज्या सोसायट्यांना टँकर नाहीतर बोअरचं येतं तिथे गीझर आणि किटलीत जो पांढरा थर बसतो तोच या छोट्या बॉयलरमध्ये बसतो, सेन्सर चुकीचं वाचायला लागतो आणि सोलेनॉइड चोंदतो. नुसतं आरओचं पाणी घातलं तर कॉफी पाणचट लागते, मी आरओ आणि साधं फिल्टरचं मिसळून घालतो. तीन महिन्यांनी सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला पंधरा-वीस ग्रॅम, बॉयलरमध्ये पंधरा मिनिटं, जास्त नाही कारण अ‍ॅल्युमिनियम आहे, मग दोन टाक्या साध्या पाण्याच्या फिरवायच्या. आणि आठवड्यातून एकदा बंद बास्केट लावून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतली घाण काढणं. ते झाल्यावर खालच्या ट्रेमध्ये जे तपकिरी तेलकट पाणी येतं ते एकदा बघा, मग आठवडा चुकवावासा वाटणार नाही.